मागचा गनर

"अरे, विमानाचा पंख पेटलाय, शेजारचा माणूस मेलाय, आणि तुझा मागचा गनर शांतपणे नेम धरून बसलाय!" दिग्विजय फोनवर वैतागला होता. "खेळणारे शिव्या घालतायत. जवळ गेलं की पहिल्याच फैरीत खलास. ही माणसं वाटतच नाहीत, रूपेश. आज जमलं नाही तर काम दुसऱ्याला द्यावं लागेल."

सालवडच्या भाड्याच्या खोलीत रूपेश कॉम्प्युटरसमोर बसला होता. लढाऊ विमानांच्या त्या खेळात बॉम्बफेकी विमानावरचे गनर कॉम्प्युटरच चालवायचा, आणि त्यांना वागायला शिकवणं हे रूपेशचं काम. त्यानं त्यांचा नेम बिघडवून पाहिला, तर ते आंधळ्यासारखे कुठंही गोळ्या झाडायला लागले. विमान गिरकी घेताना त्यांचे हात लटपटतील असं केलं. तरी ते यंत्रच वाटत होते.

"एक सुचतंय," तो म्हणाला. "शेजारचा पडला, की दुसरा बंदूक सोडून त्याच्याकडं वळेल. त्याला हलवून बघेल. तेवढा वेळ गोळीबार बंद."

दिग्विजयला ते पटलं. "हां. माणूस असंच वागतो. कर."

रूपेशनं की-बोर्ड पुढं ओढला, आणि खिडकीच्या काचा खणाणल्या. मग जमीन हादरवणारा आवाज आला.

कारखान्यांच्या बाजूनं काळा-पिवळा धूर वर चढत होता. त्याची बायको दीपिका तिथंच सकाळच्या पाळीला गेली होती. त्यानं तिला फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला. मग दार उघडंच टाकून त्यानं मोटरसायकल काढली.

कारखान्याच्या फाटकाबाहेर रेटारेटी चालली होती. "पीछे हटो!" रखवालदार ओरडत होता. आत अजून काहीतरी फुटत होतं. रूपेश निळा एप्रन घातलेल्या प्रत्येक बाईचा चेहरा बघत सुटला. ही नाय. हीपण नाय.

दीपिका रस्त्यापलीकडं गटाराच्या कठड्यावर बसली होती. केसांत राख, बाकी अंगावर ओरखडाही नव्हता. त्यानं तिला कवटाळलं. ती लाकडासारखी ताठ होती.

"सुटलीस तू. चल, घरी चल."

ती जागची हलली नाही.

तेवढ्यात गर्दी कापत जिवल्या आला. दीपिकाच्या शेजारच्या मशीनवर काम करणाऱ्या ठमीचा नवरा. बांधकामावरून तसाच धावत आला होता, अंगभर सिमेंट.

"वयनी, ठमी कुठं हाय?"

"माझ्या मागंच होती," दीपिका म्हणाली. "दारापर्यंत मागंच होती."

"मंग येल," असं म्हणत जिवल्या फाटकाकडं पळाला.

तो लांब गेला तशी दीपिकानं रूपेशचं मनगट पकडलं. नखं आत रुतली.

"तिनं मला हाक मारली रे. दोनदा मारली. मी वळून नाय बघितलं."

रूपेश तिच्याशेजारी कठड्यावर बसला.

पलीकडं जिवल्या फाटकाचे गज धरून आतल्या धुराला हाका घालत होता, "ठमेऽ! ए ठमेऽ!"

दीपिकानं दोन्ही हातांनी कान गच्च दाबून घेतले.