हे घे, आईशी बोल

“दुकानदार लबाड दिसतो,” लॅपटॉप खणखणीत आवाजात म्हणाला, आणि दुकानातली सगळी माणसं वळून बघायला लागली.

ड्रायव्हरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच्या बायकोने मात्र बटणांवरून बोट उचललं आणि साळसूदपणे दुकानदाराकडे पाहिलं. दुकानदार पोट धरून हसला. “वहिनी, निदान माझ्याच दुकानात तरी हळू बोला!” बायकोचे खांदे हलले. तिच्या हसण्यातलं आता तेवढंच उरलं होतं.

सगळी नोकरी तिने बसस्थानकावर माइकसमोर काढली होती. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागणार, हे तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय प्रवासी जागचे हलत नसत. ड्रायव्हर तर लग्नाआधी त्या आवाजापायी पार वाया गेला होता. गाडी उशिरा आली की “चालकाने ताबडतोब कार्यालयात यावे” असं ती अशा काही ठसक्यात म्हणायची, की तो मुद्दाम उशीर करायला लागला होता. मग कधीतरी तिचे शब्द जड झाले, जीभ अडखळायला लागली. दुखणं नसांचं होतं आणि त्याला औषध नव्हतं. बघता बघता वाचा गेली. हात अजून चालत होते, म्हणून परगावी नोकरीला असलेल्या लेकीने सुचवलं होतं, “बाबा, लॅपटॉप घ्या. आई लिहील, तो बोलेल. मलाही त्यावरून लिहून पाठवता येईल.”

दुकानदाराने दोन समोर मांडले होते. किंमत सारखीच. एक जुना, कुणीतरी वापरलेला, पण ऐसपैस. पडद्यावरची अक्षरं बोराएवढी, बटणं मोठी, आवाज दणदणीत. दुसरा नवाकोरा, वहीएवढा, उचलला तर हाताला लागतसुद्धा नव्हता. पण बटणं दाटीवाटीने बसलेली आणि आवाज माठात तोंड घालून बोलल्यासारखा. यात विचार करण्यासारखं काय होतं? तिची बोटं दिवसेंदिवस जड होत जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलंच होतं. ड्रायव्हरने मोठ्याकडे बोट दाखवलं. बायकोनेही मान डोलावली. दुकानदार वायर गुंडाळायला लागला.

तेवढ्यात ड्रायव्हरच्या खिशातला फोन वाजला. नवराबायकोत मिळून तो एकच फोन, साधा, बटणांचा. लेक होती.

“बाबा, घेतला का?”

“घेतला. मोठा घेतला.”

“बरं झालं. तुम्ही कसे आहात?”

“मला काय धाड भरलीय? जेवलीस का? बरं, हे घे, आईशी बोल.”

आणि त्याने फोन बायकोच्या हातात दिला.

इतकी वर्षं असंच चालत आलं होतं. लेकीचा फोन आला, जेवणाची चौकशी करून झाली, की त्याचा शब्दांचा साठा संपायचा. पुढे सगळं मायलेकींचं राज्य. तो शेजारी बसून बायकोचं बोलणं ऐकायचा आणि तेवढ्यावर त्याचंही लेकीशी बोलणं झाल्यासारखं व्हायचं. लेकीला नोकरीतला जाच, तिचं ठरून मोडलेलं लग्न, तिने केस कापले, हेसुद्धा त्याला बायकोकडूनच कळलं होतं.

फोन हातातून सुटल्यावर त्याच्या लक्षात आलं, आपण काय केलं ते. पण बायकोने तो कानाला लावलाही होता. पलीकडून “आई?” असं ऐकू आलं. मग “आई, ऐकतेयस ना?” मग काहीच नाही. थोड्या वेळाने बायकोने फोन परत त्याच्यापुढे धरला.

त्याने तो कानाशी नेला. लेक रडत असावी. काहीतरी बोलायला हवं, हे त्यालाही कळत होतं. त्याने घसा खाकरला.

“बरं... ठेवू मग?”

“ठेवा, बाबा.”

बायको त्याच्याकडे बघत होती. मग तिने मोठा लॅपटॉप बाजूला सारला आणि छोटा पुढ्यात ओढला.

“अगं, हा नाही,” तो म्हणाला. “हा कशाला? बटणं बघ, तांदळाएवढी!”

तिने मान हलवली.

“वजनाचं म्हणतेस का? मी उचलून ठेवत जाईन की.”

पुन्हा तीच मान.

“आणि मी गाडी घेऊन परगावी मुक्कामाला गेलो म्हणजे? रात्री एकटी असशील. अक्षर दिसलं नाही तर काय करशील?”

“वहिनी, दादा म्हणतात ते बरोबर आहे,” दुकानदारानेही री ओढली. “तुमच्यासाठी मोठाच सोयीचा.”

तिने छोट्यावरचा हात काढला नाही. ड्रायव्हरचा धीर सुटला. कित्येक महिन्यांत तो तिच्यावर ओरडला नव्हता.

“अगं, पण वापरायचा कुणी? तूच ना?”

त्याला स्वतःचाच राग आला आणि तो रस्त्याकडे बघत उभा राहिला. मागे बटणं वाजत होती. एक अक्षर, मग थांबणं, मग चुकलेलं पुसणं, पुन्हा एक अक्षर. कुणीतरी गिऱ्हाईक आत आलं, दुकानदाराने त्याला हातानेच थांबवलं.

मग तो माठातला आवाज आला. ना चढ, ना उतार.

“पिशवीतून मुक्कामाला नेता येईल असा घ्या. मी थोडेच दिवस आहे. नंतर लिहून का होईना, लेकीशी तुम्हालाच बोलायचंय.”