न दुखणारा हात

क्लॅरी टॉमकिनने शर्टाची बाही वर सरकवली आणि क्लबच्या बारवर हात आडवा ठेवला. मनगटाच्या वर एक गोल खपली होती, कोळशासारखी काळी. भोवती पाणी भरलेल्या फोडांचं कडं. हात कोपरापर्यंत सुजून चकचकत होता.

"दाबा," तो म्हणाला. "खुशाल दाबा. दुखतच नाही."

दोघातिघांनी दाबून पाहिलं. लिंडसे प्रॉबर्टने हात लावला नाही. तो नुसता खपलीकडे बघत राहिला आणि बिअर अर्धी टाकून उठून गेला. त्याला मुंगी मेलेलीही बघवत नाही, असं क्लॅरीने त्याच्या पाठीमागे सगळ्यांना ऐकवलं.

लिंडसे त्याचा शेजारी. दोघांची कुरणं एका कुंपणाने लागून. आठवड्यापूर्वी क्लॅरीची एक दुभती गाय उभ्याउभ्या कोसळली आणि मेली. नाकातून काळं रक्त आलं. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी फोनवरच बजावलं, काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स असू शकतो, माणसालाही होतो, मी येईपर्यंत हात लावू नका. शहरातून आलेली सव्वीस वर्षांची पोर गोलबर्नच्या खोऱ्यात जन्म काढलेल्या माणसाला गाय शिकवणार, हे क्लॅरीला सोसेना. साधी पोटफुगी आहे हे दाखवायला त्याने सुरी घेतली आणि उघड्या हातांनी गाय फाडली. मागचा पाय धरायला लिंडसेला बोलावलं. तो कोपरापर्यंत रबरी हातमोजे चढवून आला, तेव्हा भांडी घासायला निघालास का, म्हणून त्याची टर उडवली.

रक्त डांबरासारखं वाहिलं. गोठलं नाही. क्लॅरीने ते पाहिलं, पोरीचंच खरं ठरतंय हे ओळखलं आणि मुकाट्याने ट्रॅक्टरने गाय खड्ड्यात लोटली. डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा वीज पडून मेली, पुरून टाकली, असं ठोकून दिलं. लिंडसेलाही गप्प बसायला लावलं.

क्लबातल्या त्या प्रदर्शनानंतर दुसऱ्या दिवशी त्याला हुडहुडी भरली. सूज दंडापर्यंत चढली, बोटं मिटेनात. सकाळपासून दवाखान्यातून दोनदा फोन आला. यांना गिऱ्हाईकं कमी पडलेली दिसतात, म्हणत क्लॅरीने काही न ऐकताच फोन ठेवला. दुपारी त्याच्या बायकोने, उनाने, त्याला न विचारता गाडीत घातलं.

डॉक्टर व्हेरा कोझ्मा तीस वर्षं त्याच गावात होत्या. त्यांनी खपलीत सुई टोचली. क्लॅरी हसला. बघा, म्हणाला, पापणीसुद्धा हलली नाही.

"मेलेलं मांस दुखत नाही, क्लॅरी," त्या म्हणाल्या. "जंतूंच्या विषाने तिथली कातडी मेली, नसा मेल्या. त्यात तुझी मर्दुमकी कसली? हेच विष रक्तात पसरलं, तर माझ्याशी वाद घालायलाही तू उरणार नाहीस."

क्लॅरीचं हसू विरलं. नर्सने सलाईन आधीच तयार ठेवलं होतं. शिरेत सुई शिरली, औषध थेंबथेंब उतरू लागलं. मेलेल्या जनावराला हात लावला होतास का, असं डॉक्टरांनी विचारलं. तो आधी नाही म्हणाला. उना खिडकीपाशी उभी होती. तिने वळून त्याच्याकडे पाहिलं.

"गाय मी फाडली," तो शेवटी म्हणाला. "वीजबीज काही पडली नव्हती. आणि पाय लिंडसेने धरला होता. त्याला बोलावून घ्या, डॉक्टर. तो यायला लाजेल. म्हणावं, क्लॅरी हसणार नाही."

डॉक्टरांनी सलाईनचा वेग थोडा वाढवला.

"लिंडसे आज सकाळी येऊन गेला. दवाखाना उघडायच्या आधीच पायरीवर बसला होता."

त्यालाही झालं का, असं क्लॅरीने विचारलं.

"छे. त्याच्या अंगावर ओरखडासुद्धा नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तो तुझ्या हाताचं सांगायला आला होता."