लंडनचं बाळ

"ताई, लंडनला बाळ सांभाळायची नोकरी मिळाली. फक्त व्हिसाचे पैसे आज भरायचेत," वैजू म्हणाली. दोन वर्षं ती शर्वरीताईंच्या लेकीला, ओवीला सांभाळत होती. ताईंनी हसून विचारलं, "कसं आहे गं त्यांचं बाळ?"

ते वैजूला कुणी सांगितलंच नव्हतं. तिने लंडनच्या त्या बाळाच्या आईला मेसेज केला, "बाळाला झोपताना काय लागतं?"

उत्तर आलं, "आधी पैसे पाठवा."

वैजूने फोन खाली ठेवला. तिला आठवलं, ओवीला पहिल्यांदा तिच्या मांडीवर दिलं, तेव्हा ताई दिवसभर समोरून हलल्या नव्हत्या.

"खरी आई असती, तर लेकरू कुणाच्या हाती देतेय हे आधी विचारलं असतं, ताई. खोटं आहे सगळं."

"खरी नोकरी मिळाली की मीच तुला विमानतळावर सोडीन," ताई तिचा हात धरून म्हणाल्या. पण वैजूचा हात काही त्यांनी सोडला नाही.