दीड आणि चारशे

"चारशे म्हंजे लांबच की! एवढा पाइप आणायचा कुठून?" पोलादपूरजवळच्या आमच्या ग्रामसभेत सरपंच शेजाऱ्याच्या कानाशी कुरकुरले. नळयोजनेच्या कागदावर टाकीपासूनची अंतरं होती: सरपंचांची वरची वाडी १.५, बौद्धवाडी ४००. त्यावरून तीन वर्षांपूर्वी वरच्या वाडीत नळ आले आणि बौद्धवाडीतल्या बायकांच्या डोक्यावर हंडे राहिले.

बौद्धवाडीतली आम्रपाली शाळेत शिकवते. ती उठली. "सरपंच, तुमचं दीड किलोमीटर, म्हणजे पंधराशे मीटर. आमचं चारशे मीटर. जवळ कोण?"

सरपंच एकदम भोळे झाले. "अरेच्चा! मीटर-किलोमीटरची चूक झाली वाटतं."

म्हाताऱ्या कमळाबाईंनी रिकामा हंडा टेबलावर आदळला.



"चूक असती, तर एखादी तरी आमच्या फायद्याची झाली असती रे. आम्ही बौद्धवाडीतले, म्हणून नळ नाय. बोल तसं!"