यासीनचा गुण

शमसुन्निसा कुराणातली यासीन सूरा वाचत होती आणि जलालुद्दीन दारात उभा राहून घड्याळ बघत होता.

खाटेवर त्याची आई होती, रुकय्याबी. खाट किब्ल्याकडे, मक्केच्या दिशेला फिरवून ठेवलेली. डोळे मिटलेले, जबडा एका बाजूला लोंबलेला, श्वास मधूनच अडकायचा आणि घरघर करत पुन्हा सुरू व्हायचा. खोलीत उदबत्त्यांचा अख्खा पुडा लावला होता, तरी त्याखालून मुताचा वास येतच होता. बाहेर ओसरीवर शेजारच्या बायका डोक्यावर पदर घेऊन बसल्या होत्या. रडायची तयारी पूर्ण होती.

गडचांदुरात कुणाच्या घरी जीव अडकला की शमसुन्निसाला बोलावणं यायचं. यासीनवर तिचा भरवसा पक्का होता. वेळ आली असेल तर मळलेल्या कणकेतून केस ओढावा तसा जीव अलगद निघतो. आली नसेल तर माणूस उठून बसतो. दोन्ही तिनं आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आपण वाचायचं, निवाडा करणारा वर बसला आहे.

"खाला, जरा जोरानं वाचा न," जलालुद्दीन म्हणाला. "अम्मीले ऐकू नाई येत."

"अल्लाले त येते न?" असं म्हणून शमसुन्निसानं पुढची आयत वाचायला घेतली.

सूरा संपली. तिनं हातातलं पंजसूऱ्याचं पुस्तक मिटून कपाळाला लावलं, वाकून रुकय्याबीच्या चेहऱ्यावर फुंकर घातली. पापण्या थरथरल्या. मग डोळे उघडले, इकडेतिकडे फिरले, आणि शमसुन्निसावर येऊन थांबले.

"पानी," रुकय्याबी म्हणाली.

आता घरात एकच गलका होईल, अम्मी बोलली, अम्मी बोलली म्हणत लेकरंबाळं धावत येतील, असं शमसुन्निसाला वाटलं. कुणी हललं नाही. जलालुद्दीननं बायकोकडे पाहिलं. शगुफ्तानं जमिनीकडे पाहिलं.

"बहू, पानी आण," शमसुन्निसा म्हणाली.

"पानी नका देऊ खाला."

"काऊन? डॉक्टरनं मना केलं?"

"डॉक्टरनं नाई," शगुफ्ता ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली. "पानी देलं का अंथरूण ओलं करते. मंग मलेच धुवा लागते. उन्हाळाभर धुतलं मी. कोणी पाहाले नाई आलं. परवापासून बंद केलं, त कोरडी आहे."

शमसुन्निसानं खाली वाकून रुकय्याबीच्या तोंडात नीट पाहिलं. जीभ आटलेल्या तळ्यातल्या चिखलासारखी तडकली होती. ओठांच्या कोपऱ्यांत पांढरं काहीतरी वाळून चिकटलं होतं. इतका वेळ ती तहानेवर यासीन वाचत होती. तिनं पंजसूरा कोनाड्यात ठेवला आणि स्वतः उठून माठाकडे गेली.

शगुफ्ता लग्न होऊन आली तेव्हा गल्लीतली, नात्यातली म्हणून शमसुन्निसानंच तिचा घुंघट उचलला होता. आता तिच्या बाजूनं जाताना शमसुन्निसानं आपला पदर आवरून घेतला. तिला तिचा स्पर्शसुद्धा नको होता.

ती पेलाभर पाणी आणि चमचा घेऊन आली. पहिला चमचा अर्धा गळ्यावरून ओघळला. दुसरा आत गेला. रुकय्याबीच्या गळ्याची गाठ वर गेली, खाली आली.

जलालुद्दीन पुढे सरकला. आवाज अगदी नरम.

"खाला, अजून एक बार वाचून पाहा न. मधात कुठी चुकलं असन."

"चुकलं?"

"नाई, म्हंजे... गुण नाई आला न."

शमसुन्निसानं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. सिमेंटच्या दुकानाचा मालक, पाच वेळचा नमाजी, मेहंदी लावलेली दाढी.

"आला न गुण, जलालुद्दीन. पानी मांगून राह्यली तुही माय. अजून कसा गुण पाह्यजे तुले?"

तेवढ्यात अंगणातून लहानू आला. कब्रस्तानात खोदायचं काम तोच करायचा. फावडं खांद्यावर, पाय गुडघ्यापर्यंत चुनखडीनं पांढरे.

"झालं भाऊ," तो दारातूनच म्हणाला. "खाली निरा दगडच लागला. लोखंडाची सब्बल वाकली माही. पण झालं एकदाचं."

मग त्याची नजर खाटेवर गेली. रुकय्याबी चमच्यासाठी तोंड उघडून वाट पाहत होती. लहानूच्या खांद्यावरून फावडं घसरलं.

"अरे बाप्पा! बुढी त जित्ती आहे!"

ओसरीवरच्या बायकांनी माना आत घातल्या.

"गप न बे," जलालुद्दीन म्हणाला.

"गप कसा, भाऊ? तुमी त सकाळी म्हनलं, गेली म्हनून. जित्त्या मानसाची खोदाले लावली मले?" लहानूनं फावडं उचललं, दाराबाहेर थुंकला आणि मजुरी न मागता चालता झाला.

जलालुद्दीन खाटेच्या कडेला बसला. कपाळाचा घाम पुसला.

"काय करू खाला? एसटीडीवरून साऱ्याईले सांगून टाकलं मी. बल्लारशाचे लोक गाडीत बसले. आता तोंड कसं दाखवू? आनं खोदलेली कबर रिकामी नसतेत ठेवत."

शमसुन्निसानं चमचा भरला.

"मंग तू जाऊन झोप तिच्यात," ती म्हणाली.

तिनं चमचा रुकय्याबीच्या तोंडात घातला आणि बाहेर काढू लागली. निघेना. म्हातारीनं तो हिरड्यांमध्ये घट्ट दाबून धरला होता.