उठण्याची नोंद

लेक अतिचंचल आहे का, याचा निकाल ऐकायला आम्ही बसलो होतो; ती कोपऱ्यात खेळत होती. डॉक्टरबाईंनी दोन फॉर्म शेजारी शेजारी ठेवले. एक शाळेतून आलेला, दुसरा आम्ही घरी भरलेला. म्हणजे हे सांगत गेले आणि मी खुणा करत गेले. 'एका जागी बसत नाही' यापुढे आमची खूण 'नेहमी'वर होती, वर्गशिक्षिकेची 'क्वचित'वर.

"त्या बाईंचं वर्गात लक्षच नसतं," हे म्हणाले. "घरी या पोरीच्या पायाला भिंगरी असते. गोळ्या लिहून द्या आणि विषय संपवा."

डॉक्टरबाईंनी तिसरा कागद काढला. "मागच्या खेपेला तुम्ही दोघं इथे बोलत होतात, ती कोपऱ्यात ठोकळे रचत होती. ती कधी कधी उठली ते मी लिहून ठेवलंय. चाळीस मिनिटांत सहा वेळा."

"बघा! मी काय सांगतोय मघापासून?"

"सहाही वेळा ती एकाच जागी जाऊन उभी राहिली."

"कुठल्या जागी?" यांचा आवाज चढला. खुर्ची करकरली आणि हे माझ्याकडे वळले. "काय गं, काय सांगून ठेवलंयस तू यांना?"

कोपऱ्यात ठोकळ्यांचा मनोरा कोसळला. लेक धावत आली आणि आमच्या दोन खुर्च्यांच्या मधे, माझ्याकडे पाठ करून, यांच्यासमोर उभी राहिली.

डॉक्टरबाईंनी घड्याळ पाहिलं आणि कागदावर सातवी वेळ लिहिली.