शेवटचं कडवं

"बस खाली, पेसामिनो. शेवटचं कडवं माझं," असं म्हणत अलेकीनं माईक काखेत दाबला.

"तुझं? चार ओळींत धाप लागते तुला! मध्येच अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायची का?"

"दोघंही गप बसा," रोझा आंटी नारळाच्या दुधातला पाव चावत म्हणाली. "आधी आपापले गुडघे सांभाळा. कडवं मी म्हणणार."

स्टेजमागच्या तंबूत फेतुआओ नखं खात होती. बाहेर ओतारा उपनगरातल्या शनिवारच्या बाजारातली गर्दी मैदानाकडे सरकत होती. कार्यक्रम सुरू व्हायची वेळ आली होती आणि हे तिघं म्हातारे लहान पोरांसारखे भांडत होते. तिच्या पायाला स्वस्थता नव्हती. तंबूच्या या टोकाला जा, त्या टोकाला जा, परत ये.

तिघं ऐन तारुण्यापासून एकत्र रॅप करत आलेले. प्रत्येक कार्यक्रमातलं त्यांचं शेवटचं गाणं मुळात चौघांचं होतं, एकेकाचं एक कडवं. चौथा पोटापाण्यासाठी ब्रिस्बेनला गेला, तेव्हापासून त्याच्या जागी दर खेपेला नवं कडवं यायचं. बाकीची तीन कडवी लोक विसरायचे, पण ते कडवं तोंडात घोळवत घरी जायचे. जो ते म्हणेल, त्याचं नाव गावभर व्हायचं.

फेतुआओचं नाव कुठेच नव्हतं. विमानतळावरच्या गोदामात ती फोर्कलिफ्ट चालवायची. भावाच्या गॅरेजमध्ये स्वतःच गाणी रेकॉर्ड करायची, स्वतःच इंटरनेटवर टाकायची, आणि ऐकणारे कोण, तर भाऊ आणि त्याचे मित्र. वर्षभरापूर्वी या तिघांनी तिला बोलावलं तेव्हा तिला आभाळ ठेंगणं झालं होतं. पण काम काय? पोवाड्यात झील धरतात तशी झील धरायची! म्हाताऱ्यांचा दम संपला की ओळीचे शेवटचे शब्द हिनं ओरडायचे.

त्या शेवटच्या कडव्यासाठी तिनं सोळा ओळी लिहिल्या होत्या. गेल्या आठवड्यात गाडीत तिघांना म्हणून दाखवल्या. पेसामिनो खिडकीबाहेर बघत राहिला, अलेकी झोपल्यासारखा पडून होता, आंटी नुसतं "हं" म्हणाली. झालं! आज मिळालं तर मिळालं, नाहीतर यांना रामराम ठोकायचा, असं तिनं सकाळीच ठरवलं होतं.

"मी वयानं मोठा आहे," पेसामिनो म्हणाला.

"वय काय चाटायचंय?" अलेकी म्हणाला. "आवाज बघ स्वतःचा, भांडं घासल्यासारखा!"

"आणि तुझा काय रे? टेकडीवर चढणारी जुनी बस!"

बोलता बोलता तिघंही अधूनमधून फेतुआओकडे बघत होते. शेवटी पेसामिनो तिच्यावरच खेकसला, "आणि तुझं काय गं? तोंड शिवलंय का? बोल की काहीतरी!"

सोळाच्या सोळा ओळी तिच्या जिभेवर होत्या. पण पोर वाढली समोअन घरात. मोठी माणसं भांडत असली की धाकट्यांनी मान खाली घालायची. मध्ये बोललं की आईची चप्पल नेम धरून यायची. त्यात तिला वाटलं, म्हातारा आपल्याला खिजवतोय. मान खाली घालून ती म्हणाली, "तुम्हीच म्हणा, अंकल. मान तुमचाच आहे. मी आपली झील धरते."

अलेकीनं काखेतला माईक काढून हळूच टेबलावर ठेवला. आंटीचा पाव हातातच राहिला.

"नक्की ना?" पेसामिनोनं विचारलं. "एकदा मागे सरलं की परत पुढे येता येत नाही, पोरी."

"नक्की," फेतुआओ म्हणाली. रागानं तिचे कान तापले होते.

गाणी रंगली. मग शेवटचं गाणं आलं. चौथ्या कडव्याला गर्दीनं मोबाईल वर धरले. पेसामिनो पुढे झाला आणि त्यानं धरलं काय? त्यांच्या पहिल्यावहिल्या गाण्यातलं कडवं, शेंबड्या पोरालाही पाठ असलेलं! लोकांनी भिडेखातर टाळ्या वाजवल्या, पण मोबाईल एकेक करून खाली गेले. त्याला दम पुरेना, तेव्हा फेतुआओ त्या जुन्या ओळींचे शेवट ओरडत राहिली. ओरडताना तिचे डोळे भरून आले.

तंबूत आल्याबरोबर तिनं पिशवी खांद्याला लावली. "निघाले मी, अंकल. परत येणार नाही. एवढं भांडून घेतलंत आणि लोकांना शिळं वाढलंत!"

कुणी रागावलं नाही. आंटीनं तिचा हात धरून तिला बाकावर बसवलं.

"तुझे वडील आपल्या लोकांच्या लग्नकार्यात मानाची काठी घेऊन भाषणाला उभे राहतात ना? त्याच्या आधी तिथली म्हातारी मंडळी काय करतात?"

"भांडतात. बोलायचा मान कुणाचा म्हणून."

"आणि मग?"

"मग एकेक जण मागे सरतो. जो शेवटपर्यंत अडून राहतो, तो बोलतो." बोलता बोलता फेतुआओचा आवाज खाली आला. "पण आंटी, कुणासाठी मागे सरायचं, ते तर त्यांचं बहुतेक वेळा आधीच ठरलेलं असतं..."

"असतंच. तरी भांडावं लागतं. न भांडता घेतला तो मान कसला? ती तर भीक."

फेतुआओनं पेसामिनोकडे पाहिलं. तो टॉवेलनं मान पुसत होता, तिच्याकडे बघत नव्हता.

"शिळं वाढलं, कबूल," तो म्हणाला. "ताजं कुठून आणू? तुझ्या ओळी ऐकल्यावर आमच्यापैकी कुणी कडवं लिहिलंच नव्हतं."